धसकटांचे मोल



कळवण तालुक्यात खरिपाचा मका निघाला की उन्हाळ कांद्याची तयारी सुरू होते. वाफ्यांसाठी रान भुसभुशीत हवे आणि मक्याची जाड धसकटे तर औताला आड येतात. मग ती वेचून बांधाकडेला ढीग लागतो आणि पेटवला जातो. शेतकरी हे हौसेने करीत नाही. त्याला वेळ आणि मजुरी वाचवावयाची असते. हे ध्यानात न घेता केलेला उपदेश शिवारात टिकत नाही.

पण या आगीत जाते काय? राखेत पालाश व बराचसा स्फुरद उरतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र जवळजवळ सर्वच धुरावाटे निघून जातात. ज्या गंधकामुळे कांद्याला तिखटपणा येतो, त्याचाही मोठा भाग त्याच धुरात जातो आणि पुढे तोच विकत आणावा लागतो.

वैरण गुरांची आहे. तिच्यावर जमिनीचा हक्क सांगण्याचे कारण नाही. प्रश्न गुरे खात नाहीत त्या बुडख्यांचा आणि धसकटांचा आहे. मका काढल्यावर रानात ओल असतानाच यंत्राने त्यांचे बारीक तुकडे करून मातीत मिसळावेत. धसकटांत दडणाऱ्या खोडकिडीच्या अळ्यांचाही त्यात बराच नाश होतो. मात्र काडीत नत्र थोडे व कर्ब फार. तेव्हा कुजविणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पुढचे पीक पिवळे पडते. पुष्कळांचा अनुभव येथेच बिघडतो. उसाच्या पाचटासाठी टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो जिवाणू संवर्धक हे प्रमाण राज्यात रूढ आहे. मक्यालाही तेच तत्त्व लागू पडते. लागवड तोंडावर आली असेल, तर काडी खड्ड्यात कुजवणेच बरे. सडका, रोगट कांदा मात्र रानात पसरू नये.

तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात भात व नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात. तण व किडे मरतात हे खरे. पण त्यासाठी दरसाल झाडांचा टहाळ तोडला जातो. गादीवाफ्यावर रोपे केल्यास राबाची गरज राहत नाही. नेरळ (जि. रायगड) येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजविलेल्या सगुणा भात तंत्रात तर रोपवाटिकाच नाही. कायम गादीवाफ्यांवर भात टोकतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात आणि पुढल्या हंगामी नांगर न घालता त्याच वाफ्यांवर पुन्हा टोकण होते.