आकड्याला प्रश्न विचारावयास शिकविणे
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील भाषण)



संख्याशास्त्राचे एक पुस्तक प्रत्येक शाळेत आधीपासूनच असते. ते म्हणजे हजेरीपत्रक. महिनाअखेर शिक्षक रोजच्या हजेरीची बेरीज करतात, तिला कामाच्या दिवसांनी भागतात आणि सरासरी हजेरी वर कळवितात. पटावर 30 मुले असून सरासरी 24 आली, तर मन निश्चिंत होते. परंतु 24 हा आकडा दोन अगदी भिन्न शाळांतून येऊ शकतो. एका शाळेत रोज निरनिराळी सहा मुले गैरहजर असतात. कोणाला ताप येतो, कोणी बाजाराला जाते. दुसऱ्या शाळेत महिनाभर तीच सहा मुले येत नाहीत. पहिल्या ठिकाणी अभ्यास थोडाथोडा बुडतो. दुसऱ्या ठिकाणी सहा मुलांची शाळाच सुटत चाललेली असते. सरासरीला हा भेद दिसत नाही. हजेरीपत्रकात मात्र तो लिहिलेला असतो. उभ्या रकान्यांच्या बेरजांवरून सरासरी निघते. आडव्या ओळींच्या बेरजांवरून मूल दिसते. पाचवीच्या मुलांकडून दोन्ही बेरजा करवून घ्याव्यात, परंतु नावे झाकून. कोणाची उणीव फळ्यावर मांडणे हे गणित नव्हे.

सरासरी काढावयास मुले लवकर शिकतात. ती केव्हा फसविते हे ओळखावयास वेळ लागतो. समजा, पाच घरांची जमीन 2, 2, 3, 3 आणि 40 एकर आहे. बेरीज 50, सरासरी 10 एकर. आता मुलांना विचारावे, दहा एकरांचे घर यांत कोणते? एकही नाही. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर 3 एकर हे उत्तर येते. त्याला मध्यक म्हणतात. पाचापैकी चार घरांची स्थिती मध्यकावरून कळते, सरासरीवरून कळत नाही. हा शब्द प्रथम सांगून मग उदाहरण देण्याची घाई करू नये. मुलांनी ‘हे बरोबर नाही’ असे म्हटल्यावरच शब्द द्यावा.

संभाव्यतेचा पाठ मात्र सावकाश घेतला पाहिजे, कारण येथे मोठी माणसेही चुकतात. नाणे उडविल्यास छापा पडण्याचा संभव निम्मा, हे सर्वांना ठाऊक असते. चार वेळा लागोपाठ छापा पडला की, ‘आता काटाच पडणार’ असे वर्ग एका स्वराने म्हणतो. नाण्याला मागचे काहीच स्मरत नाही. मग दीर्घकाळात निम्मे-निम्मे होते ते कसे? जॉन केरिच नावाचे गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी एक नाणे 10,000 वेळा उडवून नोंद ठेविली. पहिल्या 10 खेपांत छापा 4 वेळा पडला, 100 खेपांत 44 वेळा, 1,000 खेपांत 502 वेळा आणि 10,000 खेपांत 5,067 वेळा. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना वाचू द्यावे. शंभर खेपांत निम्म्यापासूनचे अंतर 6 होते, शेवटी ते 67 झाले. अंतर भरून निघाले नाही. तथापि शंभरात 6 पुष्कळ आणि दहा हजारांत 67 अल्प. प्रमाण स्थिरावते ते असे. नाणे कोणाची भरपाई करीत नाही.

यानंतर नाणी बाजूला ठेवून फोडलेले चिंचोके वर्गात आणावेत. त्यालाही पांढरी आणि तपकिरी अशा दोनच बाजू, म्हणून संभव निम्मा-निम्मा असे मुले लगेच म्हणतील. त्यांना नाकारू नये. प्रत्येक गटाने शंभर वेळा टाकून पांढरी बाजू किती वेळा वर आली ते लिहावे आणि सर्व गटांच्या बेरजा एकत्र कराव्यात. येणारे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसते, हीच या पाठाची गोडी आहे. शक्यता दोन असल्या म्हणजे त्या समान असतात असे नाही, ही गोष्ट चिंचोका जितकी चांगली शिकवितो तितकी कोणतीही व्याख्या शिकवीत नाही.

नमुना निवडण्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरचा आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने, आण्यांत करीत. आणि त्यावर सारासुटीसारखे निर्णय अवलंबून असत. पाहणारा रस्त्याकाठचे शेत पाहतो, की ओढ्याकाठचे, यावर गावाचे नशीब ठरे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या दशकात भारतीय कृषि संशोधन परिषदेत काम करताना, शेत आणि शेतातील तुकडा दोन्ही चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून कापणी करण्याच्या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. भले शेत निवडावे की वाईट, हे माणसाच्या हाती राहूच नये, हा त्यातील मर्म. तुकडा फार लहान घेतल्यास उतारा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, हेही त्यांनी दाखवून दिले. कापणारा सीमेवरची रोपे नकळत आत ओढतो, आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने सीमा अधिक असते.

हा दोष शाळेच्या अंगणातही पाहता येतो. चार खुंट्या ठोकून सुतळीचा एक हात बाजूचा चौकोन करावा आणि त्यातील गवताचे ठोंब दोन गटांना वेगवेगळे मोजावयास सांगावे. उत्तरे जुळणार नाहीत. सुतळीखाली आलेले ठोंब कोणाचे, यावर वाद सुरू होईल. तो शिक्षकाने लगेच मिटवू नये. उत्तर आणि पूर्व बाजूंवरचे धरावयाचे, उरलेल्या दोन बाजूंवरचे सोडावयाचे, असा काही नियम मोजण्यापूर्वीच ठरवावा लागतो, येथपर्यंत मुलांना आपणच येऊ द्यावे. आणि मग चौकोन दुसरीकडे ठोकून पुन्हा मोजावे.