कुलवृत्तांताचा शोध आणि संमेलनांचा उपयोग



रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. त्यांत कुलमदाची गणना स्पष्टपणे केलेली आहे. ज्या धर्माने कुळाचा गर्व त्याज्य मानला, त्याच्या अनुयायांनी पूर्वजांची नावे शोधीत बसावे काय, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. तथापि याच परंपरेने आचार्यांच्या पट्टावल्या जपल्या, हस्तलिखितांच्या अखेरीस ते लिहवून घेणाऱ्या श्रावकाची प्रशस्ती नोंदविली आणि धातुप्रतिमांच्या पाठीवर दात्याच्या माता-पित्यांची नावे कोरली. नोंद ठेवणे धर्माला कधीच वर्ज्य नव्हते. नोंदीचा अभाव असला की मात्र कल्पनेला ऊत येतो आणि प्रत्येक कुळाचा मूळ पुरुष कोणीतरी राजपुत्रच निघतो!

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी या नगरात १८९४ साली वंशवृत्तांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली. पूर्वजांसाठीही धर्मविधी करता येतात, अशी तेथील मॉर्मन पंथीयांची श्रद्धा असल्याने हे कार्य त्यांना धर्मकार्य वाटते. त्याच नगरात १९६९ व १९८० साली जागतिक अभिलेख परिषदा भरल्या, आणि २०११ पासून ‘रूट्सटेक’ नावाचे संमेलन दरवर्षी होत आले आहे. २०२१ पासून त्यातील बरीच व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रणही याच संस्थेने केले. अशा संमेलनात कोणाला तयार वंशावळ मिळत नाही. तेथे जुने हस्ताक्षर कसे वाचावे, एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगळ्या कशा ओळखाव्यात, प्रत्येक विधानाला आधार कसा जोडावा, याचे वर्ग असतात. शोध घरी परतल्यावर ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

जैन समाजालाही अधिवेशने नवी नाहीत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ पासून आणि श्वेतांबर कॉन्फरन्स १९०२ पासून समाजाला एकत्र आणीत आल्या. आज सर्वाधिक गर्दी होते ती वधू-वर परिचय मेळाव्याला. तेथे वाटल्या जाणाऱ्या परिचय-पुस्तिकेत गोत्र, मूळ गाव व आजोळ छापलेले असते. मेळावा संपताच ती पुस्तिका रद्दीत जाते. पन्नास वर्षांच्या अशा पुस्तिका एका कपाटात राहिल्या असत्या, तर कित्येक घरांचे परस्परसंबंध विनासायास उलगडले असते.

संमेलनाला जाताना एक नेमका प्रश्न बरोबर असावा. ‘आमचे मूळ कोठले?’ एवढ्या मोघम प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. उदाहरणार्थ, मारवाडातून आलेल्या अनेक घरांत ‘छप्पनच्या दुष्काळात गाव सोडले’ असे सांगतात. हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा. येथील जुन्या खतावणीत त्याच पूर्वजाचे खाते संवत १९४० मध्ये उघडलेले आढळले, तर घरची कथा तपासावयास हवी. कदाचित थोरला भाऊ आधी आला असेल, धाकटा दुष्काळात आला असेल आणि दोघांच्या कथा एकत्र झाल्या असतील. व्यापाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही. किर्दीत नसलेली रक्कम तो खतावणीत चढवीत नाही. तोच नियम पणजोबांच्या नावालाही लावावा. प्रारंभ स्वतःपासून करावा व एकेक पिढी मागे जावे. शाळेचा दाखला, नगरपालिकेची जन्म-मृत्यूची नोंद, घराचे खरेदीखत, शेतजमीन असल्यास वारसनोंदीचा फेरफार, एवढ्यावरच तीन-चार पिढ्या बहुधा उभ्या राहतात. त्यापुढे वहीवंचे, कुलगुरू व भाट यांच्या वह्या पाहाव्यात. त्यांतील अलीकडची नावे सामान्यतः विश्वसनीय, अतिप्राचीन नावे सावधपणे घ्यावीत. संस्थानी कारभाराच्या बह्या बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत.

अडचण येते ती लिपीची. महाजनी अथवा मुडिया लिपीत काना-मात्रा बहुधा देत नसत. ‘काकाजी अजमेर गये’ हे पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची कथा सर्वांनी ऐकली आहेच. ही लिपी सहज वाचणारे वृद्ध आता मोजकेच उरले आहेत. पुढील अधिवेशनात सत्कारांचा एक तास कमी करून तो या लिपीच्या वर्गाला दिला, तर सत्कारमूर्तींचाही त्याला विरोध नसावा.

दुसरी अडचण कालगणनेची. राजस्थानात संवत सर्वसाधारणपणे चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे ज्येष्ठ शुद्ध संवत १९५६ ही मिती एका गणनेने १८९९ च्या आणि दुसरीने १९०० च्या उन्हाळ्यात पडते. शिवाय वद्य पक्षाचे महिनेही दोन्ही प्रांतांत निराळे. म्हणून मिती मुळात जशी असेल तशीच प्रथम उतरवावी; रूपांतर शेजारी लिहावे, मूळ खोडून नव्हे.

मंदिरातील प्रतिमालेख हे तर अमोल साधन होय. त्यांत संवत, मास, तिथी, ज्ञाती, कधी गोत्र, दात्याचे कुटुंब आणि प्रतिष्ठाचार्यांचे नाव असते. ‘श्रे.’ म्हणजे श्रेष्ठी, ‘भा.’ म्हणजे भार्या, ‘पु.’ म्हणजे पुत्र, ‘ऊकेश’ म्हणजे ओसवाल, ‘प्राग्वाट’ म्हणजे पोरवाड, एवढे कळले की निम्मा लेख उलगडतो. घरोघरच्या वंशावळींत स्त्रियांना जागाच नसते. पाच-पाचशे वर्षांपूर्वीच्या या लेखांत मात्र माता व भार्या यांची नावे सन्मानाने कोरलेली दिसतात. आजच्या छापील वंशवृक्षांत मुलींची नावे गाळणाऱ्यांनी ते लेख एकदा अवश्य पाहावेत.

येथेही विवेक हवा. संवत १५४८ च्या, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमाराच्या प्रतिमा देशभरातील दिगंबर मंदिरांत आढळतात. मुडासा येथील शाह जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्रांकडून त्यांची प्रतिष्ठा करविली आणि त्या दूरदूरच्या मंदिरांना पाठविल्या. गावात अशी प्रतिमा आहे म्हणून तेथील कुळे त्या काळापासून तेथे नांदत होती, असे ठरत नाही.

हे लेख नित्याच्या प्रक्षालाने व घासण्याने झिजत चालले आहेत. विश्वस्तांची अनुमती घेऊन, बाजूने तिरका प्रकाश टाकून त्यांची छायाचित्रे घ्यावीत. अक्षरे उठावीत म्हणून त्यांवर खडू अथवा चिंच चोळू नये. घरच्या वह्यांचेही तसेच. त्या नाहीशा होतात त्या बहुधा भागीदारी फुटताना, वाडा पाडताना किंवा दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत. वह्या ठेवण्यास जागाच नसेल, तर गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण करून मांडलेले पहिले पान आणि खातेदारांच्या नावांची पाने तरी छायाचित्रित करून ट्रस्टच्या ग्रंथालयात द्यावीत. आणि घरात ऐंशी वर्षांच्या आजी असतील, तर त्यांच्या माहेरचे गाव, त्यांच्या आईचे नाव व तिचे माहेर, एवढे तीन प्रश्न येत्या पर्युषणापूर्वी विचारून, उत्तराखाली तारीख घालून ठेवावे.