नगरपालिकेची निवडणूक आणि सत्ताधाऱ्यांवरील टीका
(पक्ष-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



लहान शहरातील नगरपालिकेची निवडणूक ही गटारे, नळ आणि दिवाबत्तीची निवडणूक आहे, तेथे राजकारण कशाला, असे म्हणणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. विशेष म्हणजे हे वाक्य बहुधा ज्यांच्या हाती नगरपालिका असते त्यांच्याच तोंडी असते. गटार कोणत्या वस्तीत बांधले गेले, नळाला पाणी कोणत्या आळीत दररोज येते आणि कोणत्या आळीत चौथ्या दिवशी येते, सफाईचे कंत्राट कोणाला मिळाले आणि झाडूवाल्या बाईच्या हातात किती मजुरी पडली, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच त्या शहराचे राजकारण होय. म्हणून सत्तेवर असलेल्यांच्या कारभाराची चिकित्सा हे निवडणुकीतील कष्टकरी जनतेचे पहिले काम ठरते.

या कामाला महाराष्ट्रात थोर परंपरा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा अशी भूमिका जोतीरावांनी घेतली. विरोधी मत त्यांचे एकट्याचे पडले. ज्या सरकारने त्यांना नेमले होते, त्याच सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताचा हा प्रश्न होता. ठराव मंजूर झाला. पण शंभराहून अधिक वर्षांनंतर लोकांना स्मरण आहे ते त्या एका मताचे! त्या टीकेत कोणाच्या घरादाराचा उल्लेख नव्हता. रक्कम होती, खर्चाचे कारण होते आणि तोच पैसा कोठे जावा याचे उत्तर होते. नगरपालिकेतील टीकेचा हा नमुनाच म्हटला पाहिजे.

दुसरा नमुना पॅरिसचा. १८७१ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या पॅरिस कम्यूनचे सदस्य शहराच्या निरनिराळ्या विभागांतून सार्वत्रिक मताधिकाराने निवडलेले, मतदारांना जबाबदार आणि केव्हाही परत बोलावता येण्याजोगे होते. कम्यूनने अधिकाऱ्यांच्या पगारावर वर्षाला सहा हजार फ्रँकची मर्यादा घातली. लोकप्रतिनिधी हा जनतेचा मालक नसून नोकर आहे, हे तत्त्व बहात्तर दिवसांच्या त्या राजवटीने व्यवहारात आणले, आणि मार्क्सने त्याच वर्षी त्याचे महत्त्व जगापुढे मांडले. नोकराच्या कामाचा हिशेब मागणे हा अपमान कसा होईल?

भारतात हे तत्त्व फार तुटपुंज्या स्वरूपात उतरले आहे. मध्य प्रदेश व छत्तीसगढ या राज्यांच्या कायद्यांनी नगराध्यक्षाला मतदानाने परत बोलावण्याची तरतूद केली आणि २००८ साली छत्तीसगढमधील काही नगराध्यक्षांना या मार्गाने पायउतार व्हावे लागले. परंतु तेथे प्रस्ताव मांडण्याचा अधिकार मतदारांना नसून तीन-चतुर्थांश नगरसेवकांना होता. जनतेचे हत्यार प्रतिस्पर्धी गटाच्या हाती देण्याचाच हा प्रकार. एरवी मतदाराच्या हाती राहते ती पाच वर्षांनी येणारी निवडणूक.

ती तरी वेळेवर येते काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे असे बंधन घातले. तरीही महाराष्ट्रात बहुसंख्य नगरपरिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, न्यायालयीन तारखा अशी कारणे दिली गेली आणि अखेर मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक ठिकाणी मतदान झाले. मधल्या काळात कारभार कोणाचा होता? माजी नगरसेवक म्हणतात, ‘आमची मुदत संपली होती.’ मुख्याधिकारी म्हणतो, ‘वरून आदेश होता.’ मंत्री म्हणतो, ‘हा स्थानिक विषय आहे.’ जबाबदारी अशी तिघांत वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही. म्हणून टीका करताना सत्ताधारी म्हणजे केवळ खुर्चीवर बसलेला नगराध्यक्ष असे समजून चालणार नाही. कंत्राटदार, जमिनीचा दलाल, बाजारपेठेतील बडा व्यापारी आणि त्यांना राज्याच्या राजधानीतून आधार देणारा पुढारी यांची जी साखळी तयार होते, ती खरी सत्ता होय. नगराध्यक्ष बदलतो, साखळी तशीच राहते, आणि पुढच्या निवडणुकीत तीच साखळी दुसऱ्या झेंड्याखाली उभी राहते.

आता टीका कशी करावी, हा प्रश्न.

पहिली गोष्ट, टीका कागदावर उभी असली पाहिजे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक, सभेचे इतिवृत्त, निविदांची कागदपत्रे ही काही गुप्त पोथी नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यास तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज करणारा कार्यकर्ता उशिरा जागा झालेला असतो; हे काम वर्षभराचे आहे. ‘सगळे चोर आहेत’ या वाक्याने चोराचे काहीच बिघडत नाही. उलट, सगळेच चोर असतील तर ओळखीचा चोर बरा, असे मतदार मनात म्हणतो. अमुक ठराव, अमुक रक्कम, बाजूने मत देणारे कोण आणि लाभ कोणाला, एवढे चार तपशील असलेले साधे पत्रक त्याहून शतपटीने प्रभावी ठरते.

दुसरी गोष्ट, टीका कारभारावर असावी; माणसाच्या खाजगी आयुष्यावर, जातीवर वा धर्मावर नव्हे. निवडणूक आचारसंहिताही धोरण, कार्यक्रम, मागील कारकीर्द व काम यांच्यापुरतीच टीका मर्यादित ठेवण्यास सांगते. केवळ नियमापुरता हा प्रश्न नाही. जातीवरून केलेली टीका त्या जातीच्या कष्टकऱ्याला त्याच्याच शोषकाच्या कुशीत ढकलते, आणि कंत्राटदाराला नेमके हेच हवे असते.

तिसरी गोष्ट, टीकेपाठोपाठ पर्याय आला पाहिजे. कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा म्हणायचे, तर त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोठून होईल हेही सांगावे लागते. ‘निधीच नाही’ हे सत्ताधाऱ्यांचे ठरलेले उत्तर आहे व त्यात अर्धे सत्य आहे. जकात गेल्यापासून नगरपालिका राज्य सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय लिहिले गेले, पण त्या प्रमाणात पैसा आला नाही. केरळात १९९६ च्या जनयोजना मोहिमेने राज्य योजनेचा एकतृतीयांशाहून अधिक हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवला. म्हणजे इच्छा असेल तर मार्ग आहे. मात्र उरलेले अर्धे सत्य असे की, हाती असलेला पैसाही आधी कोणत्या वस्तीत जातो, हे सभागृहच ठरवते.

टीका करणाऱ्याला धमकी येते ती बहुधा अब्रुनुकसानीच्या खटल्याची. येथे कायदा समजून घेतला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली आर. राजगोपाल प्रकरणात स्पष्ट केले की, सरकार किंवा स्थानिक संस्था बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. आणि अधिकाऱ्याच्या अधिकृत कामावरील टीकेबाबत, ती खोटी असून सत्याची पर्वा न करता केली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. फौजदारी कायद्याचा धोका मात्र संपलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही बदनामी हा गुन्हा राहिला आहे. पण लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाविषयी सद्भावनेने व्यक्त केलेले मत त्यातून वगळले आहे. तेव्हा सत्य आणि पुरावा हीच कार्यकर्त्याची ढाल.

लहान गावातील खरी भीती मात्र कोर्टाची नसते. नगराध्यक्ष नात्यातला असतो, उपाध्यक्षाच्या दुकानात उधारी असते, मुलाचा दाखला त्याच कचेरीतून घ्यायचा असतो. हातगाडीवाल्याने सभेत तोंड उघडले, तर दुसऱ्या दिवशी त्याची गाडी उचलली जाते. एकट्या माणसाला शौर्याचा उपदेश करणे सोपे आहे. पण त्याची गाडी सोडवायला शंभर माणसे कचेरीवर गेली तरच त्या उपदेशाला अर्थ. म्हणून टीका संघटनेने करायची, सहीसुद्धा संघटनेची हवी, आणि परिणाम भोगण्याची वेळ आली तर तेही संघटनेने वाटून घ्यायचे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद वा बेळगाव येथील कॉम्रेड्सच्या राज्यांचे नगरपालिका कायदे निराळे असतील; पण साखळी तीच आहे आणि कसोटीही तीच. त्या कसोटीतून पक्षाचे स्वतःचे नगरसेवकही सुटत नाहीत. जेथे पक्ष सत्तेत आहे किंवा होता, तेथे मतदारांनी विचारलेला हिशेब हा शत्रूचा प्रचार म्हणून झटकून टाकला, तर दुसऱ्याकडे हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. वॉर्डसभेत वर्षातून किमान एकदा आपल्या मतदानाचा अहवाल लोकांपुढे ठेवणारा नगरसेवक प्रचाराच्या दहा सभांचे काम करून जातो.

जोतीरावांचे एक मत त्या दिवशी हरले. पुण्याच्या सभागृहात त्यांच्यामागे कामगारांची, शेतकऱ्यांची संघटित ताकद उभी नव्हती. आज प्रत्येक नगरात ती उभी करणे शक्य आहे. ते काम मतमोजणीच्या दिवशी संपत नाही. विजय असो वा पराजय, नव्या सभागृहाच्या पहिल्याच बैठकीचे इतिवृत्त मागण्यापासून ते पुन्हा सुरू होते.