वालचंदनगरात आपले स्वागत असो



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या या गावात बायबल अनुवाद परिषदेला आलेल्या आपणा सर्वांचे स्वागत समिती मनापासून स्वागत करते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस उभा केला, 1930 च्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याच्या भोवती शाळा, दवाखाना, वसाहत, बाजार असे अख्खे गाव वसले. जहाज, विमान, मोटार या तिन्ही उद्योगांत देशी पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे नाव हे गाव लावते. साखरेची यंत्रे करता करता इथले हात इतके तयार झाले की पुढे इस्रोच्या अग्निबाणांची मोटर-आवरणेही इथे घडली. हे सांगताना जुन्या टर्नरची मान ताठ होते, ती उगीच नाही.

याचा परिषदेशी संबंध काय? उत्तर याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावी आहे.

पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणि विधवांना आसरा दिला. सेरामपूरहून विल्यम कॅरींचा मराठी नवा करार 1811 मध्येच निघाला होता. तरी बाईंचे समाधान होईना. शेतात राबणाऱ्या बाईला वाचता येईल असे बायबल त्यांना हवे होते. त्यासाठी संस्कृतच्या या पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ पोथ्यांवरून काम मांडले. वेदान्ताचा वास असलेले शब्द त्या कटाक्षाने टाळत.

तो कटाक्ष का, हे आपल्यासारख्या जाणकारांना ठाऊकच आहे. मार्काच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने पिडलेली बाई बरी होते, तिथे ग्रीक क्रियापद ‘सोझो’ आहे. त्यात आजार बरा होणेही आले आणि तारण होणेही. मराठीत एकच अर्थ निवडावा लागतो, आणि ‘मोक्ष’ म्हटले तर वाचकाच्या मनात जन्ममरणाचा फेराच उभा राहतो. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातही तोच पेच आहे: माणसाचा ख्रिस्तावरचा विश्वास, की ख्रिस्ताची निष्ठा? अनुवादकाने एक विभक्ती बदलली की तारणाचा भार माणसाकडून ख्रिस्ताकडे सरकतो.

पण समितीला विशेष आठवण करायची आहे ती मुक्तीच्या छापखान्यातल्या मुलींची. अक्षरओळखही नसलेल्या कित्येकजणी तिथे खिळे जुळवायला शिकल्या. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खणातला उलटा ‘वि’, उलटा ‘श्वा’, उलटा ‘स’ उचलायचा. काना-मात्रा चुकली की ओळ सोडून पुन्हा बांधायची. बाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. त्या मुलींची नावे फारशी कुणी घेत नाही. यंत्रशाळेच्या या गावाला मात्र त्यांच्या कसबाची किंमत पुरेपूर कळते.

आता क्षमायाचना. प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत आहे. गाद्या पातळ आहेत, दुपारी ऊन चढते आणि अंघोळीच्या गरम पाण्याला रांग लागेल. दौंडला रात्री उतरलेल्यांना गाडीसाठी ताटकळावे लागले, त्याबद्दल समिती हात जोडते. ज्या बागायतदारांनी दूध आणि गूळ धाडला, मंडपवाल्याने भाडे सोडले, बचतगटाच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापताहेत आणि निवृत्त कामगारांनी पहिल्या पेन्शनची पाकिटे आणून दिली, त्या सर्वांचे ऋण समिती मानते. पहिले सत्र सुटताच मागच्या मांडवात पंगत बसेल.