करपा पान कसे ओळखतो?

भातावरील करपा मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होतो. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि रात्रीचे दव अशी साथ मिळाली की कोकणातल्या खाचरांत भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटतात. मधे राखाडी, कडेला तपकिरी. ठिपका दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आत शिरायचे की नाही, हे बुरशीने काही दिवस आधीच, पानावर उतरल्यावर पहिल्या काही तासांत ठरवलेले असते.

तिचा बीजाणू तीन पेशींचा असतो. पानावरच्या पाण्यात तो ओला झाला की टोकातून चिकट द्रव पाझरतो आणि बीजाणू जागीच घट्ट बसतो. थोड्याच वेळात त्याला अंकुरनलिका फुटते आणि ती पृष्ठभाग चाचपू लागते. पृष्ठभाग टणक आहे का? पाणी झिडकारतो का? त्यावर वनस्पतीचे मेण आणि क्युटिन आहे का? ही पारख करतात पेशीपटलात रुतलेली प्रथिने, म्हणजेच ग्राही.

यांतला सर्वांत परिचित ग्राही पीटीएच-११. त्याचे वर्णन 1999 साली प्रसिद्ध झाले. त्याचा धागा पेशीपटलातून अनेकदा आरपार जातो. बाहेरचा भाग खूण टिपतो आणि आतला भाग जी-प्रथिनांमार्फत निरोप पुढे धाडतो. मग पेशीत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो. पीटीएच-११ काढून टाकलेल्या बुरशीला अंकुर फुटतो, पण पुढची रचना क्वचितच तयार होते. बाहेरून चक्रीय एएमपी दिले की ती पुन्हा होऊ लागते. म्हणजे आतली यंत्रणा शाबूत असते, फक्त वर्दी देणारा गैरहजर असतो. एमएसबी-२ आणि एसएचओ-१ ही प्रथिने मेण आणि क्युटिनच्या खुणा दुसऱ्या वाटेने पोचवतात. तरीही बुरशी फसते: भाताचा मागमूस नसलेल्या टेफ्लॉनवरही ती हल्ल्याची तयारी करते.

ही तयारी म्हणजे नलिकेच्या टोकाला फुगणारी घुमटाकार पेशी. तिच्या भिंतीत काळ्या मेलॅनिनचा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठते, पाणी ओढले जाते आणि दाब 80 वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या तो तिसांहून अधिक पट भरतो. त्याच जोरावर एक बारीक खुंटी पानात घुसते.

टोमॅटोवर मर रोग आणणारे फ्युजेरियम मात्र मुळातून पाझरणाऱ्या पेरॉक्सिडेज विकरांचा माग काढते. त्यासाठी ते एसटीई-२ हा ग्राही वापरते. यीस्टमध्ये हाच ग्राही जोडीदार शोधायला उपयोगी पडतो.

करप्यावर फवारले जाणारे ट्रायसायक्लॅझोल ग्राहींना हात लावत नाही. ते मेलॅनिन बनू देत नाही, त्यामुळे घुमटात पुरेसा दाब टिकत नाही. माणसाच्या मान्यताप्राप्त औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधे जी-प्रथिनांशी जोडलेल्या ग्राहींवर काम करतात. पिकांवरील बुरशीनाशकांत मात्र हा मार्ग अजून जवळजवळ कोराच आहे.