यादी लागेपर्यंत

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



वर्धापनदिनाला दोन शब्द बोलावेत असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा विषय तुमच्या आवडीचा घ्या, असेही त्यांनी सांगितले. जिचे सारे आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेले तिच्या आवडीचा विषय म्हणजे आकडेच असणार, हे आपण ओळखले असेलच. तेव्हा आकडे येतील. पण ते फळ्यावरचे नव्हेत, घरातले. आठवीतल्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीबद्दल, आणि परीक्षा झाल्यापासून निवडयादी लागेपर्यंत घराघरांतून जे दिवस जातात त्यांच्याबद्दल आज मला बोलायचे आहे.

शिष्यवृत्ती म्हटले की आपल्याला पहिला नंबरच आठवतो. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. अशा गोष्टी ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे ज्याला शिष्यवृत्ती मिळाली तो हुशार आणि ज्याला मिळाली नाही तो सामान्य, असा हिशेब आपल्या मनात कायमचा बसून गेला आहे. आज मी ज्या परीक्षेबद्दल बोलते आहे तिला हा हिशेब मुळीच लागू पडत नाही.

ही परीक्षा म्हणजे मुले जिला ‘एन.एम.एम.एस.’ म्हणतात ती. केंद्र सरकारने ही योजना २००८ साली सुरू केली. आठवीपर्यंत आलेली गरिबाघरची मुले पुढे पैशावाचून शाळा सोडतात, ती सोडू नयेत, हा तिचा हेतू. मूल सरकारी, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे हवे आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत हवे. परीक्षा आठवीत असताना होते. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा. प्रत्येकी ९० प्रश्न, मिळून १८० गुण. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. पोळ्या लाटून घर चालवणाऱ्या बाईला ४८,००० हा केवढा आकडा आहे, हे मी आपल्याला सांगायला नको.

आता यातली खरी गोम अशी. परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते. त्यानंतर आधी गुणयादी जाहीर होते आणि निवडयादी पुढे निघते. गुण कळलेले असतात, पण ते पुरे आहेत की नाहीत हे कळलेले नसते. पात्र ठरायला एकूण ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण पुरतात. अनुसूचित जातीजमातींच्या आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के. परंतु पात्र ठरणे निराळे आणि निवड होणे निराळे. आपल्या राज्याच्या वाट्याला जागा येतात ११,६८२. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत वाटल्या जातात, आणि जिल्ह्यात पुन्हा प्रवर्गाप्रमाणे. वरून मोजत आले की ज्या गुणाशी जागा संपतात, तिथे रेषा ओढली जाते.

समारंभाला पंगत बसते तेव्हा पन्नासच पाने मांडलेली असली तर एक्कावन्नावी पाहुणी उभी राहते. ती कमी प्रतिष्ठेची म्हणून नव्हे. पाने पन्नास होती म्हणून. या रेषेचेही तसेच आहे. ही साधी गोष्ट, पण यादीची वाट पाहणाऱ्या घरात ती कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

आमच्या वस्तीतील एका भगिनीची हकीकत सांगते. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांची परवानगी मात्र घेतली आहे. त्या खानावळीत पोळ्या करतात. मुलीला ११२ गुण पडले. पात्रतेला ७२ लागतात हे कोणाकडून तरी कळले आणि त्यांनी पावशेर पेढे आणून शेजारी वाटले. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणी सांगितले की, अहो, अजून निवडयादी लागायची आहे. झाले! त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय नाही. नळावर बायका विचारीत, ‘काय हो, लागली का यादी?’ दुकानात कोणी म्हणे, ‘पेपर सोपा होता म्हणतात, यंदा रेषा वरच जाणार.’ मुलगी संध्याकाळी माझ्याकडे यायची आणि एकच प्रश्न विचारायची, ‘बाई, रेषा किती लागेल?’ समोर वार्षिक परीक्षा होती, पण तिचे पुस्तक उघडायचे नाव नाही.

हे इतके का, ते मला पुढे कळले. घरात असे ठरले होते की, शिष्यवृत्ती लागली तर नववी. नाही लागली तर मुलीने मावशीकडे जाऊन तिचे तान्हे मूल सांभाळायचे. मावशीला मदत होईल आणि इकडे एक खाते तोंड कमी होईल. म्हणजे ती पोर गुणांची नव्हे, स्वतःच्या शाळेची वाट पाहत होती. ११,६८२ जागांच्या वाटणीवर एका मुलीची नववी टांगलेली होती.

मी त्या माउलीकडे गेले आणि तिला म्हटले, ‘ताई, यादी लागायची तेव्हा लागू द्या. पण नववीचे आज ठरवा. यादीत नाव आले तर पैसे येतील, नाही आले तर ओढाताण होईल. पण शाळा दोन्हीकडून चालू राहील, एवढे मुलीला आजच सांगा.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाई, ओढाताणीची मला सवय आहे. पण बहिणीला काय सांगू?’ हा प्रश्न गणिताचा नव्हता, त्यामुळे माझ्याजवळ उत्तरही नव्हते. बहिणीला काय सांगायचे ते तिने तिचे तिनेच ठरवले. आठ दिवसांनी ती शाळेत जाऊन मुलीचे नाव नववीला राहील असे सांगून आली, आणि त्याच रात्री मुलगी वार्षिक परीक्षेच्या अभ्यासाला बसली.

यादी लागली. तिच्यात त्या मुलीचे नाव नव्हते. दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या त्यांच्याच नात्यातल्या एका मुलाचे नाव त्याच्या जिल्ह्याच्या यादीत आले. त्याला हिच्याहून सहा गुण कमी होते. यात कोणी कोणावर अन्याय केला असे नाही. त्याच्या जिल्ह्यातल्या जागा आणि तिथले स्पर्धक वेगळे, म्हणून रेषा वेगळी. पण मुलीची समजूत घालायला मला याहून मोठा पुरावा मिळाला नसता. तिला म्हटले, ‘हे बघ, तेच ११२ गुण तिकडे पुरले असते. मग तू तिकडे हुशार आणि इकडे कमी, असे कसे होईल? गुण तुझे आहेत. रेषा जागांची आहे.’ ती रडायची थांबली नाही, पण शाळेत जायचीही थांबली नाही. आज ती दहावीत आहे.

भगिनींनो, यावरून आपण काय करावे? वाट पाहणे म्हणजे नुसते हातावर हात ठेवून बसणे नव्हे. या दिवसांत करण्यासारखी कामे आहेत.

गुणयादी लागली की मुलाचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग अक्षर न् अक्षर तपासा. चूक असेल तर ती शाळेमार्फत ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करता येते. मुदत टळली की मुख्याध्यापकांच्याही हाती काही राहत नाही. प्रवर्ग चुकला तर मूल भलत्याच रांगेत उभे राहते, हे विसरू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुलाच्या नावचे बँकखाते आणि त्याला आधारची जोड, हे सारे आधीच करून ठेवा. निवड झाल्यावरही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. दहावीला ६० टक्के गुण नसतील तर पुढचे पैसे थांबतात. अनुसूचित जातीजमातींच्या मुलांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे.

पात्र ठरूनही ज्यांची निवड झाली नाही, अशा मराठा आणि कुणबी समाजाच्या मुलांना ‘सारथी’ संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम वर्षाला ९,६०० रुपये. पुष्कळ आयांना हे ठाऊकच नसते. तेव्हा ‘नुसतीच पात्र झाली’ असे कोणी म्हणू नका. त्या पात्रतेलाही किंमत आहे. मी सांगितलेल्या मुलीला मात्र ही योजना लागू नव्हती.

आणि एक विनंती शेजारणींना. यादी लागेपर्यंत मुलांना गुण विचारू नका. ‘अमकीच्या मुलाला इतके पडले’ हे तर मुळीच सांगू नका. विचारायचेच असेल तर सध्या काय वाचते आहेस, असे विचारा.

शेवटी, गणिताच्या बाईने मंडळापुढे एक उदाहरण मांडावे आणि आपण सर्वांनी मिळून ते सोडवावे. आपल्या मंडळाच्या सभासद आहेत सव्वाशे. प्रत्येकीने महिन्याला २० रुपये काढले तर महिन्याचे २,५०० आणि वर्षाचे ३०,००० होतात. रेषेच्या खाली एकदोन गुणांनी राहिलेल्या दोन मुलींना सरकार देते तितकेच, वर्षाला १२,००० रुपये आपण दिले, तर २४,००० झाले. उरलेल्या ६,००० रुपयांत दाखल्यांची धावपळ आणि वह्या भागतील. हा निधी दानाचा समजू नये. पंगतीला आणखी दोन पाने वाढवली, इतकेच समजावे. अध्यक्षबाईंनी पुढच्या सभेत हा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे. पहिले २० रुपये मी आजच चिटणीसबाईंकडे देऊन ठेवले आहेत, आणि पावतीही घेतली आहे.