रात्रभराच्या नाटकाचे संपादन

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत पसरलेल्या झाडीपट्टीत धान घरात आले, की दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीचा कारभार वडसा, अर्थात देसाईगंज, येथील नाट्यमंडळांच्या कचेऱ्यांतून चालतो, आणि तिच्यातील कामगिरीसाठी गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाल्यापासून बाहेरच्या जगाचेही लक्ष तिच्याकडे वेधले गेले आहे. हल्ली यांतील बऱ्याच नाटकांचे चित्रीकरण होते. मात्र चित्रीकरण म्हणजे कच्चा माल. त्यातून पाहण्याजोगे काही घडवायचे तर संपादन करावे लागते, आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरात पाहून किंवा शेजारच्या स्टुडिओत जे चालते ते पाहून दिले जाते. ते उत्तर नाटकाच्या लांबीवरून, संगणकाच्या कुवतीवरून आणि गावातल्या विजेवरून दिले गेले पाहिजे.

विदर्भातील लग्नाच्या स्टुडिओंत या कामाला मिक्सिंग म्हणतात आणि तेथे एडियस हे मूळचे जपानी सॉफ्टवेअर दीर्घकाळ रुळलेले आहे. मध्यम ताकदीच्या संगणकावरही ते अडखळत नाही आणि फुलांच्या चौकटी, उडती पाने, नवरानवरीची नावे असा तयार साचा त्यात बसवला, की अल्बम हाती येतो. लग्नाला ते शोभते. नाटकाला हा साचा मारक ठरतो, कारण तेथे प्रेक्षकाला नटाचा चेहरा आणि संवाद हवा असतो, आणि दर दोन मिनिटांनी फिरणारी चौकट त्या दोहोंच्या आड येते.

नाटकाची पहिली अडचण आकाराची आहे. सेकंदाला 20 मेगाबिट या दराने चित्रीकरण केले, तर एका तासाला सुमारे 9 गिगाबाइट जागा लागते. सहा तासांचे नाटक दोन कॅमेऱ्यांनी टिपले, तर हा साठा 108 गिगाबाइटवर जातो. शिवाय अनेक कॅमेरे 4 गिगाबाइट झाले की फाइल तोडून नवी सुरू करतात, त्यामुळे या दरात साधारण अर्ध्या तासाला एक तुकडा पडतो. असा साठा जुन्या लॅपटॉपवर उघडला, की टाइमलाइन, म्हणजे ज्या पट्टीवर चित्र आणि ध्वनीचे तुकडे क्रमाने मांडले जातात ती पट्टी, जागची हलत नाही. यावरचा उपाय प्रॉक्सी हा होय. मूळ फाइलची लहान, हलकी प्रत तयार करून सारी कापाकापी तिच्यावर करायची आणि अखेरचे चित्र बाहेर काढताना सॉफ्टवेअरने आपोआप मूळ फाइल वापरायची, अशी ही व्यवस्था आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती सहज जमत नाही, ते या कामापुरते बाद समजावे.

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती रंगांच्या कामात अव्वल आहे, कारण 1984 साली स्थापन झालेल्या डाविंची सिस्टिम्सच्या रंगसुधार यंत्रांतून ते उतरले. परंतु त्याला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. अॅडोबीच्या प्रीमियर प्रोसाठी वर्गणी भरावी लागते आणि ठरावीक काळाने संगणक इंटरनेटला जोडून परवाना पडताळून घ्यावा लागतो. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा अशा मुलुखात ही पडताळणी केव्हा होईल, याचा भरवसा कोणी द्यावा? यावर बाजारात सर्रास मिळणारी चोरीची प्रत हा तोडगा नव्हे, कारण तिच्यासोबत व्हायरस येण्याचा धोका असतो आणि अद्ययावत सुधारणा मिळत नाहीत. फोनवरच्या अॅपवरही विसंबता येत नाही: 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे फोनवरचे लोकप्रिय संपादन अॅपही होते. ज्यांचे सारे कसब त्या एका अॅपच्या बटनांत अडकले होते, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

या सर्व बाबी जमेस धरता केडेनलाइव्ह किंवा शॉटकट यांसारखे मुक्त सॉफ्टवेअर झाडीपट्टीच्या कामाला अधिक सोयीचे ठरते. ते एकदा उतरवून घेतले, की इंटरनेटवाचून चालते आणि त्यात प्रॉक्सीची सोय आहे. केडेनलाइव्हवर 2002 पासून काम होत आले असून त्याची प्रकल्प फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठवली जाते. त्याचे दोषही आहेत. ते मधूनच बंद पडते, आणि वीज गेली तर शेवटच्या जतनानंतरचे काम हातचे जाते. म्हणून दर काही मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. प्रकल्प फाइलीत चित्र नसते, चित्र कोठे आहे त्याचा पत्ता तेवढा असतो. फोल्डरचे नाव बदलले की सॉफ्टवेअर क्लिप हरवल्याची तक्रार करते, आणि नवशिका माणूस सारे नाटक पुसले गेले असे समजून हबकतो.

देवनागरीची परीक्षा निवडीपूर्वीच घ्यावी. शीर्षकाच्या चौकटीत ‘ब्रह्मपुरी’ आणि ‘चिमूर’ हे दोन शब्द टंकून पाहावेत: पहिल्यात ‘ह्म’ फुटून हलन्त दिसला, किंवा दुसऱ्यातली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकली, तर त्या सॉफ्टवेअरला आपली लिपी नीट जुळवता येत नाही. प्रीमियर प्रोमध्ये यासाठी मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. छपाईच्या दुकानातून आणलेला जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर तसाच चिकटवला, तर बहुधा निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

खरे शिक्षण यानंतरचे, आणि ते प्रामुख्याने कानाचे आहे. दोन कॅमेरे आणि एक ध्वनिमुद्रक असतील, तर तिघांचे घड्याळ किंचित वेगळे चालते आणि तासाभरात ओठ व आवाज यांची फारकत होऊ शकते. फोनने टिपलेल्या चित्रात आणखी एक गोम असते: उजेड कमी पडला की फोन सेकंदातील फ्रेमची, म्हणजे स्थिर चित्रांची, संख्या स्वतःहून कमीजास्त करतो. म्हणून फोनची फाइल आधी सेकंदाला 25 फ्रेम या स्थिर दरात रूपांतरित करावी, सर्व फाइलींचा ध्वनी एकमेकांशी जुळवावा, आणि प्रत्येक अंकाच्या आरंभी तो पुन्हा तपासावा. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने 30 फ्रेमच्या चित्रीकरणात मंचावरील दिवे लुकलुकताना दिसू शकतात. तो दोष संपादनात जवळजवळ निघत नाही, कॅमेऱ्यातच टाळावा लागतो.

कोठे कापावे, हे कोणतेही बटन सांगत नाही. विनोदी पात्राने वाक्य टाकले आणि त्याच क्षणी चित्र प्रेक्षकांकडे वळवले, तर हशा पिकण्यापूर्वीच चेहरे दिसतात आणि विनोद पडतो. येथे एल-कट उपयोगी पडतो: नटाचा आवाज पुढे चालू ठेवून चित्र तेवढे बदलायचे, जेणेकरून वाक्याचा शेवट आणि ऐकणाऱ्या म्हातारीचे हसू एकाच श्वासात येते. गाण्यात मात्र कापाकापीचा हव्यास आवरावा, कारण पदाची एक ओळ पूर्ण होईपर्यंत गाणाऱ्याचा चेहरा सोडून जाण्यासारखे बहुतेकदा काही नसते. हे हात बसण्यासाठी दहा सॉफ्टवेअर चाखण्यापेक्षा एकाच सॉफ्टवेअरवर एक संपूर्ण अंक तीन निरनिराळ्या रीतींनी कापून पाहणे अधिक फलदायी आहे. या अभ्यासात कळपाटीवरील तीन कळा तेवढ्या पाठ कराव्यात: जे, के आणि एल, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी अनुक्रमे मागे जाणे, थांबणे आणि पुढे जाणे साधते, आणि उंदीर शोधत फिरणारा हात मोकळा होतो.

तयार नाटकाच्या दोन प्रती काढाव्यात: एक पूर्ण दर्जाची, संग्रहासाठी, दुसरी हलकी, पेनड्राइव्हवरून आणि फोनवरून फिरण्याजोगी. झाडीबोलीतील संवाद दूरच्या प्रेक्षकांना कळावेत म्हणून त्यांची उपशीर्षके चित्रावर कायमची कोरू नयेत. ती एसआरटी या साध्या मजकुराच्या फाइलीत वेगळी ठेवली, तर त्याच नाटकाला पुढे माडिया किंवा गोंडी उपशीर्षकेही जोडता येतात, आणि त्यासाठी संपादन पुन्हा उघडावे लागत नाही.